साक्षीदाराची सही

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या आपल्या तालुक्यांतील आयटीआय शिकलेली मुले नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतींत कामाला जातात. त्यांपैकी एखाद्याच्या हाती कालांतराने गुणवत्ता निरीक्षकाचे काम येते. मायक्रोमीटरने जॉब मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा आणि सही करायची. डिझेल इंजिनाच्या नोझलमध्ये सुई व तिचे घर यांतील फट अवघी काही मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

समजा, महिनाअखेर आहे, माल न्यायला गाडी उभी आहे आणि लॉट मर्यादेबाहेर गेला आहे. ‘एवढ्याने काय बिघडते?’ असे साहेब विचारतात. यंत्रावरचा कामगार विनवतो, ‘दादा, सांभाळून घ्या.’ दया हा तर ख्रिस्ती सद्गुण! मग निरीक्षकाने काय करावे?

लेवीय ग्रंथाच्या 19व्या अध्यायात खोटा न्याय आणि खोटे माप यांना एकाच वचनात मनाई केली आहे. निरीक्षकाची सही ही साक्ष आहे. ती खोटी ठरली तर आठवी आज्ञा मोडते, आणि ज्याच्याविरुद्ध ती दिली तो शेजारी समोर नसतो. त्या इंजिनाच्या भरवशावर रात्री चरणमाळ घाट चढणारा चालक हाच तो शेजारी.

मग दयेला वाव नाही काय? आहे. मर्यादा ठरविणाऱ्या अभियंत्यापुढे खरे माप ठेवून लेखी सवलत मागता येते. कामगाराची बाजूही मांडता येते. दया माणसावर करावी, आकड्यावर नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या विश्वपत्रात शिकविले की, श्रमाचे मोल प्रथम श्रम करणाऱ्या व्यक्तीमुळे असते. म्हणून जॉब नाकारावा, माणूस नाकारू नये.

निरीक्षकानेही गर्व बाळगू नये. त्याचे मापयंत्र वेळोवेळी प्रमाण मापाशी पडताळावे लागते. मोजमापाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस मानले आहे. शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला तरी सुमारे अकरा मायक्रॉन वाढतो. म्हणून यंत्रावरून उतरलेला गरम जॉब निववूनच मोजतात. रागाने वा मायेने तापलेल्या मनाचा निवाडाही असाच फसवा असतो. सदसद्विवेकबुद्धीलाही पडताळणी लागते. ती प्रार्थनेत, शास्त्रवाचनात आणि प्रायश्चित्त संस्कारात होते.

सणासाठी मुलगा घरी आला की आपण पगार विचारतो. प्रिय पालकहो, तुझी सही खरी राहते ना, हेही त्याला विचारा. आणि खरेपणापायी त्याची बढती हुकली असेल, तर त्याला वेड्यात काढू नका. त्याच्या पाठीशी उभे राहा.