एलूल महिना आणि प्रभूच्या येण्याची वाट

(वाचावयाचे शास्त्रभाग: मत्तय २४:३६-४४, २५:१-१३, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८)

आज आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहों तो असा: प्रभु येणार हें ज्याला ठाऊक आहे, पण केव्हां येणार हें ठाऊक नाहीं, त्यानें आपला आजचा दिवस कसा घालवावा? दिवस ठाऊक असता तर तो अधिक चांगला वागला असता काय? आणि जो केवळ दिवस जवळ आला म्हणून चांगला वागतो, त्याच्या चांगुलपणाची किंमत काय? हा प्रश्न पंडितांचाच आहे असें कोणी समजूं नये. पावसाळा सरूं लागला म्हणजे पुष्कळदां कोणी तरी तारीख सांगतो. ती मोबाईलवरून खेड्यापाड्यांत पोंचते. आणि मंडळींतील साध्या मनुष्यापुढें खरी अडचण उभी राहते कीं, आतां रब्बीची पेरणी करावी कीं न करावी, सोसायटीचें कर्ज फेडावें कीं राहूं द्यावें.

हाच काळ तारखा सांगणारांस विशेष प्रिय कां, हें समजण्यासाठीं यहुदी लोकांच्या पंचांगाकडे थोडें पाहिलें पाहिजे. निसान महिन्यापासून मोजलें तर एलूल हा सहावा महिना. परंतु यहुद्यांचें वर्ष तिश्री महिन्यापासून पालटतें, म्हणून त्या हिशेबानें एलूल हा वर्षाचा शेवटचा महिना होय. तो आगस्ट व सप्टेंबर ह्यांच्या दरम्यान, म्हणजे आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतो. त्याचें नांव बाबेलांतून आलेलें आहे. पवित्र शास्त्रांत तें नहेम्याच्या पुस्तकांत आढळतें: यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत पुरा झाला तो एलूलच्या पंचविसाव्या दिवशीं (नहेम्या ६:१५). ज्या महिन्यांत पडलेला कोट उभा राहिला, त्याच महिन्यांत पुढें यहुदी लोक आपल्या अंतःकरणाचा पडलेला कोट बांधूं लागले, हा योग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पहिल्या पाट्या फुटल्यावर मोशे दुसऱ्या पाट्यांसाठीं एलूलच्या पहिल्या दिवशीं सीनाय पर्वतावर चढला, आणि चाळीस दिवसांनीं, तिश्रीच्या दहाव्या दिवशीं, क्षमेचें वर्तमान घेऊन उतरला, अशी यहुद्यांची परंपरा आहे. म्हणून हे चाळीस दिवस ते पश्चात्तापाचे मानतात. युरोपांतील परंपरेचे यहुदी ह्या महिन्यांत, शब्बाथ व महिन्याचा शेवटचा दिवस वगळून, रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं मेंढ्याचें शिंग फुंकतात व सत्ताविसावें स्तोत्र म्हणतात. स्पेनच्या व पूर्वेकडील परंपरेचे यहुदी महिनाभर पहांटेपूर्वीं उठून क्षमेच्या प्रार्थना करतात. बाराव्या शतकांतील प्रसिद्ध शास्त्री मैमोनिदेस ह्यांनीं शिंगाच्या नादाचा अर्थ असा लाविला कीं, तो झोंपलेल्या जीवाला जागें करून आपलीं कृत्यें तपासावयास सांगतो. परंतु शिंग फुंकणें हें ह्या महिन्यांतील अवघड काम नव्हे. ज्याचा अपराध केला त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागणें, व ज्याचें घेतलें त्याचें परत देणें, हें तें अवघड काम होय. कारण मिश्ना नांवाच्या प्राचीन ग्रंथाची स्पष्ट शिकवण आहे कीं, देवाविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा प्रायश्चित्ताच्या दिवशीं मिळते, पण शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा त्या शेजाऱ्याची समजूत घातल्यावांचून मिळत नाहीं.

ही गोष्ट आपल्या प्रांतालाहि अगदीं परकी नाहीं. कोंकणांत अलिबाग, रेवदंडा, पेण वगैरे ठिकाणीं बेने इस्राएल लोक शेंकडों वर्षें राहत आले. ते मराठी बोलत, पुष्कळ जण तेल गाळण्याचा धंदा करीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांपैकीं बहुतेक १९४८ नंतर इस्राएल देशांत गेले. थोडीं घराणीं अजून येथें आहेत. एलूलच्या उपासांना ते पूर्वीं रमजान म्हणत. नववर्षाला नव्याचा सण, व प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण, म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, म्हणत. ज्या मराठी ख्रिस्ती मनुष्यानें दहा कुमारींचा दाखला वाचला आहे, त्याला दार लागण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

आतां ख्रिस्ती लोकांनीं ह्या महिन्याचा संबंध कसा जुळविला तें पाहूं. एलूल संपतांच तिश्रीच्या पहिल्या दिवशीं कर्णे वाजविण्याचा सण येतो (लेवीय २३:२४). पौल प्रेषित सांगतो कीं, शेवटला कर्णा वाजेल तेव्हां मेलेले उठविले जातील (१ करिंथकरांस १५:५२), आणि जे जिवंत राहिलेले ते प्रभूला सामोरे जाण्यासाठीं मेघांत घेतले जातील. कर्णा येथेंहि आहे व तेथेंहि आहे. म्हणून कित्येकांनीं अनुमान काढलें कीं, एलूल ही इशाऱ्याची वेळ, आणि कर्ण्यांचा सण हाच मंडळी उचलून घेतली जाण्याचा दिवस. मोठ्या संकटाच्या आधीं मंडळी उचलली जाईल हें मत जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) ह्यांच्या शिकवणीनें, व पुढें १९०९ सालीं निघालेल्या स्कोफील्ड ह्यांच्या टीपांसहित बायबलानें, फार पसरलें. त्या मताविषयीं ख्रिस्ती विद्वानांत एकवाक्यता नाहीं, व त्याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. तारीख ठरविणें योग्य काय, आणि तारखेनें मनुष्याचें काय होतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

इतिहास काय सांगतो? अमेरिकेंत विल्यम मिलर (१७८२-१८४९) नांवाचे एक शेतकरी उपदेशक होऊन गेले. त्यांच्या चळवळींतील लोकांनीं दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब करून १८४४ च्या आक्टोबरची २२ तारीख ठरविली. ती कां? तर यहुद्यांतील कराई पंथाच्या गणनेप्रमाणें तो प्रायश्चित्ताचा दिवस आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. इतर यहुद्यांचा तो दिवस त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला होऊनहि गेला होता! कित्येक शेतकऱ्यांनीं शेतांतलें पीक काढलें नाहीं. २२ तारीख गेली, २३ उजाडली, आणि पुष्कळ घरांत रडणें झालें. त्या दिवसाला इतिहासांत ‘मोठी निराशा’ असें नांव पडलें आहे. पुढें १९८८ सालीं एडगर व्हिझनंट ह्यांनीं अठ्ठ्याऐंशी कारणें देऊन पुस्तक लिहिलें कीं, त्या वर्षाच्या कर्ण्यांच्या सणाला, ११ ते १३ सप्टेंबरच्या दरम्यान, मंडळी उचलली जाईल. पुस्तकाच्या लक्षावधि प्रती पसरल्या; दिवस गेला; मग त्यांनीं पुढचें वर्ष सांगितलें, तेंहि गेलें. २०१७ सालीं २३ सप्टेंबरचा बोभाटा झाला. २०२५ सालीं कर्ण्यांचा सण २३ व २४ सप्टेंबरला आला, तेव्हां दक्षिण आफ्रिकेंतील एका मनुष्याला झालेल्या दृष्टांताची हकीकत चित्रफितींतून जगभर गेली. आणि कांहीं लोकांनीं नोकरी सोडल्याचें व मोटारी विकल्याचें वर्तमान आलें. तेहि दिवस इतर दिवसांसारखेच मावळले.

ह्यावर तारखा सांगणारे एक युक्तिवाद करतात. तो ऐकून घेणें न्यायाचें आहे. ते म्हणतात, पूर्वीं नवचंद्र साक्षीदारांनीं पाहिल्यावर महिना सुरू होई. म्हणून महिन्याच्या पहिल्याच दिवशीं येणारा कर्ण्यांचा सण नेमका कधीं येईल हें आधीं कोणास ठाऊक नसे. तेव्हां तो दिवस कोणासहि ठाऊक नाहीं असें जें प्रभूनें सांगितलें, तें ह्याच सणाकडे बोट दाखविणें होय. युक्तिवाद चतुर आहे, पण तीन ठिकाणीं लंगडा आहे. एक तर, तो दिवस देवदूतांस व पुत्रासहि ठाऊक नाहीं असें प्रभूनें सांगितलें (मार्क १३:३२). चंद्र आज दिसेल कीं उद्यां, एवढ्याच संशयाला इतकें मोठें बोलणें शोभत नाहीं. दुसरें, प्रभूच्या दाखल्यांत धनी उशीर लावतो, वर निजानीज झाल्यावर येतो, चोर कोणत्या प्रहरीं येईल हें कळत नाहीं. हा एका दिवसाचा संशय नव्हे. तिसरें, चंद्र पाहून महिना ठरविण्याची रीत केव्हांच बंद झाली. गणिताचें पंचांग चौथ्या शतकांत दुसऱ्या हिल्लेलानें घालून दिलें अशी यहुदी परंपरा आहे. त्या पंचांगांत एलूल नेहमीं एकोणतीस दिवसांचा असतो, आणि पुढल्या शंभर वर्षांचे सण आज छापतां येतात. म्हणजे जो दिवस कोणासहि ठाऊक नाहीं, तो भिंतीवरच्या कॅलेंडरांत छापलेला आहे असें म्हणण्याची पाळी येते.

परंतु कोणी म्हणेल, तारीख खोटी ठरली म्हणून बिघडलें काय? तेवढे दिवस तरी लोक प्रार्थना करतात, दारू सोडतात, भांडणें मिटवितात. ह्या म्हणण्यांत थोडें सत्य आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. भीतीनें उघडलेला डोळाहि उघडलेलाच असतो. तथापि मुकादम येतांना पाहून जो मजूर कुदळ उचलतो, त्याची कुदळ मुकादमाची पाठ फिरतांच खालीं पडते. तारखेवर उभारलेला पश्चात्ताप तारखेबरोबर कोसळतो. आणि कोसळतांना तो खऱ्या आशेलाहि खालीं ओढतो, कारण गांवचे लोक म्हणतात, ह्यांचा प्रभु येणार होता, तो कोठें आला?

ह्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, तारीख मनुष्याला शेजाऱ्याच्या देण्यांतून सोडवूं पाहते. परवां सर्व संपणार असेल तर कर्ज कशाला फेडावें? बांधाचा तंटा कशाला मिटवावा? म्हाताऱ्या आईच्या औषधाची तजवीज कशाला करावी? एलूल नेमका ह्याच्या उलट शिकवितो. न्यायाचा दिवस जवळ आला, म्हणूनच कर्ज आज फेडावें. म्हणूनच शेजाऱ्याच्या दाराशीं आज जावें. जवळ आलेल्या दिवसाकडे पाहून एक मन म्हणतें, आतां कशाला? दुसरें म्हणतें, आतांच. ह्या दोहोंपैकीं कोणतें मन प्रभूचें आहे, हें ओळखणें कठीण नाहीं. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास त्यानेंच सांगितलें (मत्तय ५:२३-२४). आणि थेस्सलनीकेच्या ज्या मंडळीला पौलानें मेघांत घेतलें जाण्याची आशा लिहिली, त्याच मंडळींतील रिकामें फिरणाऱ्यांस त्यानें निवांतपणें काम करून आपली भाकर खाण्याची आज्ञा केली (२ थेस्सलनीकाकरांस ३:११-१२).

येथें दुसरी शंका निघते, व ती पहिलीपेक्षां खोल आहे. दिवस ठाऊक नाहीं म्हणून रोजच तयार राहावें, हें बोलणें सोपें. पण कोण मनुष्य वर्षाचे बारा महिने कर्णा वाजल्यासारखा जागा राहूं शकतो? रोज शिंग वाजलें तर कान बधिर होतो. ही शंका खरी आहे. यहुदी गुरु एलियेजर ह्यांनीं शिष्यांस शिकविलें कीं, मरणाच्या एक दिवस आधीं पश्चात्ताप करावा. मरणाचा दिवस कोणाला ठाऊक असतो, असें शिष्यांनीं विचारिलें. तेव्हां गुरूंनीं समजाविलें कीं, तो ठाऊक नाहीं म्हणूनच मनुष्यानें आज पश्चात्ताप करावा, व येणेंप्रमाणें त्याचे सर्व दिवस पश्चात्तापांत जावे. पाहा, ज्यांच्यापाशीं पश्चात्तापाचा नेमलेला महिना आहे, त्यांच्याच गुरूनें तो महिना साऱ्या वर्षावर पसरला. म्हणजे नेमलेला काळ निरुपयोगी नव्हे. शेतकरी मृगापूर्वीं पाभर व कुळव दुरुस्त करतो. तें काम थोड्या दिवसांचें, पण उपयोग साऱ्या हंगामाचा. ख्रिस्ती मंडळींतहि नाताळापूर्वींचे चार रविवार प्रभूच्या येण्याच्या स्मरणार्थ पुष्कळ ठिकाणीं पाळतात, ते ह्याच कारणास्तव. आणि दहा कुमारींच्या दाखल्यांतील एक गोष्ट आपण सहसा विसरतों: वराला उशीर लागला तेव्हां दहाहि जणींना झोंप लागली; शहाण्याहि झोंपल्या. त्यांच्यांतील भेद जागरणाचा नव्हता, तेलाचा होता. ज्याचें तेल भरलेलें आहे, त्यानें दिवसाचें काम करून रात्रीं झोंपावें. प्रभु त्याला दोष देणार नाहीं.

लियादी येथील रब्बी श्नेऊर जाल्मन (१७४५-१८१२) ह्यांनीं एलूलविषयीं एक दाखला दिला आहे. राजा महालांत असला म्हणजे तेथें वाटेल त्याला जातां येत नाहीं; पण नगरांत शिरण्यापूर्वीं तो शेतांत असतो, तेव्हां ज्याला इच्छा असेल त्यानें जाऊन भेटावें, आणि राजा सर्वांकडे प्रसन्न मुखानें पाहतो. एलूल म्हणजे राजा शेतांत असण्याचा काळ. आतां ह्याच्याशेजारीं पौलाचें बोलणें ठेवा. सामोरें जाण्यास त्यानें जो ग्रीक शब्द योजिला, तोच दहा कुमारींच्या दाखल्यांत आहे, आणि रोम येथील बंधु पौलाला भेटण्यास अप्पियाच्या पेठेपर्यंत आले, तेथेंहि तोच आहे (प्रेषितांचीं कृत्यें २८:१५). थोर पाहुणा येतो तेव्हां वेशीबाहेर जाऊन त्याला भेटावें व मानानें गांवांत आणावें, ही रीत आपल्या खेड्यांतहि सर्वांस ठाऊक आहे. सामोरा जाणारा मनुष्य गांवाला कंटाळून पळत नाहीं. तो गांवाच्या वतीनें जातो. आणि जाण्यापूर्वीं घर झाडून, अंगण सारवून जातो.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, कोणी तारीख घेऊन आला तर त्याची थट्टा करूं नये. त्याच्या मनांत प्रभूची ओढ आहे, ती मौल्यवान आहे. त्याला शांतपणें विचारावें: भाऊ, तुम्हीं कोणाला क्षमा करावयाची राहिली आहे काय? कोणाचें देणें राहिलें आहे काय? ही तारीख चुकली तर त्या दोन गोष्टी तुम्ही पुढें ढकलणार काय? ज्याला ह्यांचीं उत्तरें देतां येतात, त्याला तारखेची गरज उरत नाहीं.

प्रभूनें आपल्या येण्याविषयीं सांगतांना दोन पुरुष दाखविले ते शेतांत, आणि दोन स्त्रिया दाखविल्या त्या जात्यावर (मत्तय २४:४०-४१). एक घेतला जातो व एक राहतो. पण काम सोडून वाट पाहत बसलेला त्यांत कोणीच नाहीं. १८४४ सालीं ज्यांनीं पीक शेतांत टाकलें, त्यांची प्रीति खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु राजाला भेटण्याची जागा तेंच शेत होतें. तेव्हां रब्बीची पेरणी करा, कर्जाचा हप्ता भरा, मुलीला शाळेंत घाला, आणि ज्याच्याशीं बोलणें बंद आहे त्याच्या घरीं आज संध्याकाळीं जा.