जगाला ब्राझील ठाऊक, ब्राझीलची लीग नव्हे

ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक पाच वेळा जिंकला आहे आणि त्याच्या पिवळ्या जर्सीची ओळख जगात कुठेच करून द्यावी लागत नाही. विश्वचषकाच्या महिन्यात कोल्हापूरच्या पेठांतही ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे समोरासमोर लागतात. पण त्याच ब्राझीलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा, तिथल्या बोलीतली ‘ब्राझिलेराओ’, गेल्या वर्षी कोणी जिंकली असे विचारले, तर झेंडे लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना उत्तर देता येईल. लंडन, लागोस किंवा जकार्तातही चित्र फारसे निराळे नाही. एखाद्या देशाचे फुटबॉल जगभर पूजले जावे आणि त्याची देशांतर्गत लीग मात्र परक्यांच्या नजरेआड राहावी, याचे ब्राझीलइतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर दर्जाचे असते: लीग दुय्यम आहे, म्हणून पाहिली जात नाही. ब्राझीलपुरते हे उत्तर अपुरे आहे. दक्षिण अमेरिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा कोपा लिबेर्तादोरेस २०१९ ते २०२५ अशी सलग सात वर्षे ब्राझिलियन क्लबांनीच जिंकली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेत ३२ संघांचा क्लब विश्वचषक झाला, त्यात ब्राझीलचे चार क्लब होते आणि चौघांनीही गटसाखळी पार केली. चॅम्पियन्स लीगचा तेव्हाचा ताजा विजेता पॅरिस सें-जर्मां हा बोताफोगोकडून १-० ने हरला. उपविजेत्या इंटर मिलानला फ्लुमिनेन्सेने २-० ने घरी पाठवले. पुढे हीच स्पर्धा जिंकणाऱ्या चेल्सीला फ्लामेंगोने ३-१ ने हरवले. हे तिन्ही ब्राझिलियन क्लब रिओ दि जानेरो या एकाच शहरातले. युरोपचे संघ त्या वेळी लांबलेल्या हंगामाच्या शेवटी थकलेले होते आणि ब्राझीलचे संघ हंगामाच्या मध्यावर होते, हे मान्य करायला हवे. तरीही पाहण्याजोगा खेळ इथे नाही, असे या निकालांनंतर कोणाला म्हणता येणार नाही.

मग अडते कुठे? स्थानिक चाहत्याला क्लब निवडावा लागत नाही. तो घरातून, गल्लीतून, आजोबांकडून येतो. संघ हरला, विकला गेला, खालच्या श्रेणीत घसरला तरी तो चाहता राहतो. परदेशी प्रेक्षकाची गोष्ट वेगळी. त्याने क्लब स्वतः निवडलेला असतो आणि त्याला धरून ठेवते ती सलग चालणारी कथा. तेच चेहरे पुन्हा दिसले पाहिजेत, सामना ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या ठिकाणी सापडला पाहिजे, मागच्या आठवड्यात काय झाले हे समजेल अशा भाषेत कळले पाहिजे. यातली एक कडी तुटली तर हौशी माणूस सांभाळून घेतो. ब्राझीलमध्ये या सगळ्याच कड्या तुटतात, आणि सर्वांत आधी तुटते ती खेळाडूंची.

१९७० च्या विश्वचषकात मेक्सिकोमध्ये जिंकलेल्या ब्राझीलच्या संघातले सर्व २२ खेळाडू मायदेशातल्या क्लबांकडून खेळत होते. पेले सान्तोसचे, टोस्टाव क्रुझेरोचे, जर्झिन्यो बोताफोगोचे. २०२२ मध्ये कतारला गेलेल्या २६ जणांत ब्राझीलमध्ये खेळणारे तीनच होते: गोलरक्षक वेव्हर्टन, पेद्रो आणि एव्हर्टन रिबेरो. मधल्या अर्धशतकात दोन मोठे बदल झाले. १९९५ च्या बोसमन या न्यायालयीन निकालाने युरोपियन संघातील देशांच्या नागरिकांवरची संख्येची मर्यादा उठली, त्यामुळे क्लबांत परदेशी खेळाडूंसाठी असलेल्या जागा दक्षिण अमेरिकनांना मोकळ्या झाल्या. १९९८ मध्ये ब्राझीलने स्वतःच ‘पेले कायदा’ करून, करार संपल्यावरही खेळाडूला क्लबशी बांधून ठेवणारी ‘पास्से’ची पद्धत मोडीत काढण्याचा मार्ग धरला. खेळाडूंच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी न्यायाच्याच होत्या. पण कर्जात बुडालेल्या क्लबांना यापुढे करार संपण्याआधी विकणे हाच शहाणपणा ठरला.

फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील खेळाडूला सहसा परदेशी क्लबात जाता येत नाही. या नियमाचा हेतू मुलांचे संरक्षण हा आहे आणि तो योग्यच आहे, मात्र बाजाराने त्यातून आपली वाट काढली: सौदा सोळाव्या वर्षी, रवानगी अठराव्या. व्हिनिसियस ज्युनियरचा रिअल माद्रिदशी व्यवहार २०१७ मध्ये झाला, तेव्हा फ्लामेंगोच्या मुख्य संघात त्याची सुरुवात जेमतेम झाली होती. एन्द्रिकचा सौदा डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला, तो गेला २०२४ मध्ये. मधल्या काळात पाल्मेरासच्या चाहत्यांनी जे पाहिले ते आधीच विकलेल्या मुलाचे खेळणे होते. परदेशातला प्रेक्षक त्याचे नाव ऐकून ब्राझीलची लीग लावणार, तोवर तो माद्रिदच्या वाटेला लागलेला.

बोताफोगोची दोन वर्षे पाहिली की खेळाडू टिकत नाहीत याचा अर्थ नीट कळतो. २०२३ च्या हंगामात हा क्लब एका टप्प्यावर गुणतालिकेत १३ गुणांनी पुढे होता. १९९५ नंतरचे पहिले विजेतेपद हातात आल्यासारखे होते. १ नोव्हेंबरला रिओत त्याची गाठ पाल्मेरासशी पडली. मध्यंतराला बोताफोगो ३-० ने आघाडीवर. उत्तरार्धात एन्द्रिकने एक गोल परत केला. बचावपटू आद्रिएल्सनला लाल कार्ड मिळाले. बोताफोगोला पेनल्टी मिळाली, ती वेव्हर्टनने अडवली आणि लगेच दुसऱ्या टोकाला एन्द्रिकचा दुसरा गोल झाला. सामना संपत असताना बरोबरी झाली आणि भरपाई वेळेत मुरिलोने चौथा गोल केला. ३-४. त्या रात्रीनंतर बोताफोगो सावरलाच नाही. तो पाचवा आला आणि विजेतेपद पाल्मेरासकडे गेले. पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबर २०२४ ला, लिबेर्तादोरेसच्या अंतिम सामन्यात बोताफोगोच्या ग्रेगोरेला पहिल्याच मिनिटात बाहेर काढले गेले. दहा जणांनिशी उरलेला सगळा सामना खेळून त्यांनी आत्लेतिको मिनेइरोला ३-१ ने हरवले आणि काही दिवसांतच लीगही जिंकली.

अशी पडझड आणि अशी उभारी इंग्लंडमध्ये झाली असती, तर तिच्यावर जगभर माहितीपट निघाले असते. इथे नवा हंगाम रंगात येण्याआधीच प्रशिक्षक आर्तुर जॉर्ज कतारला गेले, लुईझ हेन्रिके रशियाच्या झेनितला आणि थियागो अल्मादा फ्रान्सच्या लियोंला. पॅरिसविरुद्ध गोल करणारा इगोर जेझुस क्लब विश्वचषक संपताच इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये दाखल झाला. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फ्लुमिनेन्सेला चेल्सीने २-० ने हरवले आणि दोन्ही गोल जोआव पेद्रोचे होते. तो फ्लुमिनेन्सेच्याच तालमीत वाढलेला. गोल केल्यावर त्याने जल्लोष केला नाही.

दुसरी अडचण हंगामाच्या रचनेची, आणि तिची मुळे भूगोलात आहेत. पोर्तो आलेग्रे ते फोर्तालेझा हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक. विमानप्रवास परवडू लागेपर्यंत राष्ट्रीय लीग चालवणे शक्यच नव्हते, म्हणून फुटबॉल राज्याराज्यांत वाढले. साओ पावलोची राज्य स्पर्धा १९०२ पासून आहे, ‘ब्राझिलेराओ’ थेट १९७१ ची. लष्करी राजवटीत प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांना खूश ठेवण्यासाठी संघ वाढवत नेले गेले आणि १९७९ मध्ये त्यांची संख्या ९४ वर पोहोचली. दरवर्षी नियम वेगळे, बाद फेऱ्या वेगळ्या. १९८७ चा विजेता फ्लामेंगो की स्पोर्त रेसिफे, या वादाचा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, तीस वर्षांनी, स्पोर्तच्या बाजूने दिला. सर्वांनी सर्वांशी दोनदा खेळायचे आणि जास्त गुणांचा विजेता, ही साधी पद्धत २००३ पासूनची. परक्याला समजेल अशी लीग म्हणून ब्राझिलेराओचे वय त्यामुळे फार थोडे आहे.

राज्य स्पर्धा मात्र सुटल्या नाहीत. २०२५ पर्यंत जानेवारी ते मार्च त्यांच्यासाठी राखलेले असत, त्यानंतर लीगच्या ३८ फेऱ्या, शिवाय देशाचा कप आणि लिबेर्तादोरेस. मोठा क्लब वर्षाला सत्तरच्या आसपास सामने खेळे. त्यामुळे महत्त्वाच्या सामन्यातही दुय्यम संघ उतरे. २०२४ मध्ये कोपा अमेरिका चालू असताना लीग थांबली नाही. क्लब आपल्या उत्तम खेळाडूंविना खेळत राहिले. चाहत्याला अखेर वर्षातला नेमका कोणता सामना मोलाचा आहे हेच उमगत नाही. युरोपचा हंगाम ऑगस्ट ते मे, ब्राझीलचा जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे युरोपची खेळाडू-खरेदी ऐन हंगामात येते आणि जुलैत अग्रस्थानी असलेला संघ सप्टेंबरमध्ये ओळखू येत नाही.

वेळेचे गणितही प्रतिकूल आहे. ब्राझीलमध्ये बुधवारचा मोठा सामना वर्षानुवर्षे ग्लोबो वाहिनीच्या रात्रीच्या मालिकेनंतर, म्हणजे साडेनऊ-पावणेदहाला सुरू होत आला. भारतात तेव्हा गुरुवारी सकाळचे सहा वाजलेले असतात. रविवारी दुपारी चारचा सामना भारतात मध्यरात्रीनंतर साडेबाराला येतो, आणि युरोपात तो तिथल्याच लीगच्या संध्याकाळच्या सामन्यांशी टक्कर घेतो. याउलट इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने खुद्द इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर दाखवायला बंदी आहे, मैदाने रिकामी पडू नयेत म्हणून. भारतात मात्र ते संध्याकाळी साडेसात किंवा साडेआठला, जेवणाच्या वेळेत, थेट दिसतात. मँचेस्टरचा चाहता मुंबई-पुण्यात तयार झाला, त्यात खेळाइतकाच या घड्याळाचा वाटा आहे.

आणि विक्रीचाही. प्रीमियर लीग १९९२ मध्ये जन्मली तीच प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याचा बेत करून. परदेशातून येणारा पैसा २०१९ पर्यंत सर्व वीस क्लबांत समान वाटला जाई. म्हणून लहान क्लबालाही परदेशी प्रेक्षक हवासा वाटला. ब्राझीलमध्ये १९८७ मध्ये स्थापन झालेली ‘क्लुबे दोस त्रेझे’ ही मोठ्या क्लबांची संघटना एकत्र वाटाघाटी करत असे, ती २०११ मध्ये फुटली आणि जो तो क्लब स्वतंत्रपणे ग्लोबोशी सौदा करू लागला. देशातच पुरेसा पैसा मिळत होता. वीसेक कोटींची फुटबॉलवेडी लोकसंख्या घरात असताना परदेशी प्रेक्षकासाठी इंग्रजी समालोचन, चांगली चित्रफीत, स्थिर वेळापत्रक यावर खर्च करावा असे कोणालाच वाटले नाही. ही चूक क्लबांची आहे. ती भाषेच्या किंवा अंतराच्या माथी मारता येत नाही.

एक कारण सहसा चर्चेत येत नाही, ते व्हिडिओ गेमचे. जगभरची मुले खेळाडूंची नावे आता सामन्यांआधी खेळण्याच्या पडद्यावर शिकतात. ब्राझीलमध्ये प्रतिमेचे हक्क प्रत्येक खेळाडूकडे स्वतंत्र असल्याने सर्वांचा एकत्र करार जुळेना. परिणामी, ‘फिफा’ या सर्वाधिक खपाच्या फुटबॉल गेममधून ब्राझिलियन क्लब गायब झाले आणि परतले तेव्हा त्यांत बनावट नावांचे खेळाडू होते. एका पिढीला पाल्मेरासचा संघ तोंडपाठ होण्याची संधीच मिळाली नाही.

इतर लीगकडे पाहिले तर हेच धागे वेगवेगळ्या प्रमाणात दिसतात. अर्जेंटिनात स्पर्धेची रचना पुनःपुन्हा बदलते आणि २०१३ पासून पाहुण्या संघाच्या चाहत्यांना बहुतेक सामन्यांत मैदानात प्रवेश नाही. नेदरलँड्समध्ये आयाक्सने २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली आणि त्याच उन्हाळ्यात डी योंग आणि डी लिग्ट निघून गेले. मेक्सिकोची लीग अमेरिकेत उत्तम चालते, पण ती मुख्यतः तिथे स्थायिक झालेल्या मेक्सिकनांमुळे. सौदी अरेबियाने रोनाल्डो आणि मायामीने मेस्सी आणून नजरा वळवल्या खऱ्या. त्या नजरा त्या खेळाडूंवर आहेत, लीगमधल्या मधल्या फळीच्या क्लबांवर नाहीत.

परदेशी प्रेक्षक नसल्याने लीग मरते असे नाही. ब्राझिलेराओच्या सामन्यांना अलीकडे सरासरी पंचवीस हजार लोक येतात. फ्लामेंगो-फ्लुमिनेन्सेच्या ‘फ्ला-फ्लू’ला बाहेरच्यांची गरज नाही; पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की कोल्हापूरचे शाहू स्टेडियम भरते, तेही कोणी परदेशातून पाहते म्हणून नव्हे. नुकसान पैशाचे आहे. परदेशी प्रक्षेपणाचे उत्पन्न नसल्याने क्लबांना ताळेबंद जुळवण्यासाठी मुले विकावी लागतात, आणि मुले विकल्यामुळेच परदेशी प्रेक्षक टिकत नाही. हे चक्र तोडायचे तर खेळाडू निदान बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत घरी राहील एवढा पैसा लीगमध्ये यायला हवा.

प्रयत्न सुरू झाले आहेत. २०२१ च्या दोन कायद्यांनी क्लबांना कंपनीत रूपांतर करण्याची मुभा दिली आणि सामन्याचे प्रक्षेपण हक्क यजमान क्लबाकडे सोपवले. बोताफोगोचे पुनरुज्जीवन पहिल्या कायद्यामुळेच शक्य झाले. २०२६ पासून राज्य स्पर्धांना ११ तारखांची मर्यादा घातली आहे आणि लीग जानेवारीच्या अखेरीसच सुरू होते. हक्कांच्या बाबतीत मात्र क्लब ‘लिब्रा’ आणि ‘लीगा फोर्ते उनियाव’ अशा दोन गटांत विभागले गेले असून प्रत्येकाने आपापले करार स्वतंत्रपणे केले आहेत. लिब्राचा ग्लोबोशी असलेला करार २०२९ पर्यंतचा आहे. तोवर वीसही क्लब एका हाताने आपली लीग विकतील, ही शक्यता फार कमी.