पीक वाढले, करार तोच

व्यवसायात पडलेल्या तरुणांस उपदेश करणारी पुस्तके आज उदंड झाली आहेत. धाडस करा, जग काय म्हणेल याची पर्वा करू नका, हेच त्या सर्वांचे ध्रुवपद. हा उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. धाडस कोणाच्या जिवावर करावयाचे, हा प्रश्न त्यात कोणी विचारीत नाही. आम्हांस त्याचे उत्तर जेथे सापडले, ते स्थळ वाचकांच्या परिचयाचे आहे: भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर.

गुरुचरित्रातील शेतकऱ्याची कथा कोणास ठाऊक नाही? संगमावर जाणाऱ्या श्रीनृसिंहसरस्वतींस तो शेतातून धावत येऊन नित्य नमस्कार करी. एके दिवशी गुरूंनी त्याचे शेत पाहिले आणि उभे, कोवळे पीक कापून टाकण्याची आज्ञा केली. त्याने ते कापले. पुढे अतिवृष्टीने गावची शेते नासली. याच्या खुंटांना मात्र नवे कोंब फुटून शतपट धान्य आले. एवढे ऐकून आपण श्रद्धेचे फळ म्हणून मान डोलावतो.

वकिलीच्या सवयीमुळे आमचे लक्ष मधल्याच एका गोष्टीकडे जाते. विळा हाती घेण्यापूर्वी तो शेतकरी गावच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि गतवर्षीच्या दुप्पट धान्य देण्याचे पत्र त्याने लिहून दिले. घरच्यांनी तक्रार नेली, तेव्हाही त्याचे म्हणणे असे की, शंका असल्यास धान्य आताच आणून देतो, गुरे दारी बांधतो, माझे पत्र तुमच्यापाशी आहेच. म्हणजे आपल्या श्रद्धेचा भार त्याने अधिकाऱ्याच्या हिश्शावर टाकला नाही. स्वतःच्या कोठारावर घेतला. धाडस आणि जुगार यांमधील सीमारेषा ती हीच.

मग बायकामुलांचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्यांचा विरोध त्याने धाकाने मोडला. पीक फुटले म्हणून ते शोभून गेले. एवढ्यापुरते त्याचे अनुकरण करू नये, असे आम्हांस स्पष्ट वाटते. त्याला आज्ञा देणारे साक्षात गुरू होते. स्वतःच्या मनातील उर्मीला गुरुवाक्य समजण्याचा अधिकार कोणाही उद्योजकास नाही. ज्यांच्या पोटाला चिमटा बसावयाचा, त्यांची संमती मिळविणे हे पुढाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

संमती मिळविण्यास वेळ लागतो, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांइतके कोणी जाणले नसेल. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती. पहिले सहा लोखंडी नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. ग्राहकास अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी ते केले नाही. शेतकऱ्याचा विश्वास बसेपर्यंत धीर धरला. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या साहाय्याने कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिच्या पायात हा धीरही होता.

आता कथेचा शेवट, जो बहुधा सांगावयाचा राहून जातो. धान्य शतपट आले, तेव्हा शेतकऱ्याने अधिकाऱ्यास ठरलेल्या दुपटीऐवजी निम्मा वाटा देऊ केला. अधिकाऱ्याने तो नाकारला; ठरल्याहून अधिक घेणे हा अधर्म, अशी त्याची भूमिका. एकास कमी देववेना, दुसऱ्यास जास्त घेववेना! न्यायालयात आम्ही उलट चित्र पाहतो. टंचाईत एका ताटात जेवलेले भागीदार पहिल्या मोठ्या नफ्याच्या दिवशी वेगळे होतात, आणि दोघांच्याही हाती तोच करारनामा असतो.

कायदा किमान किती द्यावयाचे ते सांगतो. त्यापलीकडे किती द्यावे, आणि कोठे घेणे थांबवावे, हे माणसाने स्वतः ठरवावयाचे असते. दरिद्री असताना हा प्रश्न फारसा पडत नाही; भरभराटीत तो रोज दाराशी येतो. दिवाळीला चोपडीपूजन करताना पेढीच्या धन्याने नफ्याच्या आकड्याशेजारी क्षणभर थांबून पाहावे: या पिकात कोणाचा न लिहिलेला वाटा आहे? तो वाटा ज्याला मागितल्यावाचून दिसतो, त्याच्याच मागे माणसे आपण होऊन चालतात.