टाळ्या विरल्यानंतर

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात अ‍ॅस्टन व्हिला नावाचा एक जुना व नामांकित फुटबॉल संघ आहे. या संघाच्या चाहत्यांनी आपल्या एका आयरिश बचावपटूला 'देव' असे टोपणनाव दिले होते. त्याचे नाव पॉल मॅकग्रा. शनिवारी मैदानावर ज्याच्या नावाचा जयघोष होई, तोच माणूस घराच्या चार भिंतींआड मद्याच्या व्यसनाशी झुंजत असे आणि पुष्कळदा हरत असे. ही हकिकत त्याने 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात काहीही न लपविता सांगितली आहे. स्वतःच्या जिवावर उठण्यापर्यंत आपली मजल गेली होती, हेही त्याने कबूल केले आहे.

या खेळाडूच्या कारकिर्दीकडे पाहताना एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. गुणवान माणूस घसरतो तेव्हा त्याच्याशी कठोरपणे वागावे की त्याला सांभाळून घ्यावे? आणि ज्याला आपण सांभाळून घेणे म्हणतो, ती खरोखरीची करुणा असते की आपली सोय?

पॉलचा जन्म 4 डिसेंबर 1959 रोजी लंडनमध्ये झाला. आई आयरिश व अविवाहित, वडील नायजेरियाचे. ते त्याच्या जन्मापूर्वीच निघून गेले होते. आपल्या वडिलांना काय वाटेल या भीतीने ती तरुणी गुपचूप आयर्लंड सोडून लंडनला आली होती. चार आठवड्यांच्या त्या बाळाला तिने दुसऱ्या कुटुंबाच्या हवाली केले. पुढे वयाच्या पाचव्या वर्षी तो अनाथाश्रमात दाखल झाला आणि डब्लिन परिसरातील अशा आश्रमांतच लहानाचा मोठा झाला. ज्या देशात त्या काळी घरोघरी सायंप्रार्थना होत असे, त्याच देशात एका मुलीला आपले मूल लपवावेसे वाटले, ही गोष्ट आपणा ख्रिस्ती कुटुंबांना अंतर्मुख करणारी आहे. लोकलाज नेहमी पापाला आवर घालते असे नाही. कधी कधी ती दुर्बळालाच उंबऱ्याबाहेर ढकलते.

चेंडूने या मुलाला ओळख दिली. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिक संघातून 1982 साली मँचेस्टर युनायटेडने त्याला सुमारे 30 हजार पौंडांत घेतले. 18 मे 1985 रोजी वेम्बलीच्या मैदानावर एफ. ए. चषकाचा अंतिम सामना एव्हर्टनशी झाला. मॅकग्राकडून चेंडू निसटला आणि प्रतिस्पर्धी पीटर रीड मोकळा सुटला. त्याला रोखण्यासाठी केविन मोरान हा दुसरा आयरिश बचावपटू धावला. त्याच्या हातून नियमभंग झाला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. या चषकाच्या अंतिम सामन्यात अशी शिक्षा झालेला तो पहिलाच खेळाडू. चूक एकाची होती, भोवली दुसऱ्याला. तरीही उरलेल्या दहा जणांनी जादा वेळेत 1-0 असा विजय मिळविला. एकाच्या उणिवेचा भार सर्वांनी मिळून वाहणे म्हणजे काय, याचे याहून सुबक उदाहरण खेळाच्या जगात सहसा सापडणार नाही.

परंतु दारूचा भार असा वाटून घेता येत नाही. 1986 च्या नोव्हेंबरात अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी युनायटेडची सूत्रे हाती घेतली. संघातील मद्यपान मोडून काढण्याचा त्यांचा निर्धार होता. मॅकग्राचे गुडघे शस्त्रक्रियांनी जर्जर झाले होते आणि त्याचे पिणेही थांबत नव्हते. अखेरीस पैसे घेऊन खेळातून निवृत्त व्हावे, असे त्याला सुचविण्यात आले. त्याने नकार दिला. 1989 साली तो अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला. तेथील फिजिओथेरपिस्ट जिम वॉकर यांनी त्याच्या गुडघ्यांची नि मनाची काळजी वाहिली. इतर खेळाडू रोज सराव करीत, तेव्हा याला जवळजवळ विश्रांतीच दिली जाई. सामन्याच्या दिवशी मात्र तो असा खेळे की, 1993 साली इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरविले. 1994 च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात व्हिलाने 3-1 असे हरविले, ते मँचेस्टर युनायटेडलाच! त्याच वर्षी 18 जून रोजी अमेरिकेतील विश्वचषकात आयर्लंडने इटलीला 1-0 ने नमविले. रोबेर्तो बाज्योसारख्या खेळाडूला जखडून ठेवणारी मॅकग्राची त्या दिवसाची कामगिरी आजही सांगितली जाते. देशासाठी तो 83 सामने खेळला.

या हकिकतीवरून चटकन निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: कठोरपणा हरला, करुणा जिंकली. आम्हांला मात्र हा निष्कर्ष उतावळेपणाचा वाटतो. बिघडलेले बिघडले आहे असे म्हणणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. एका व्यक्तीच्या व्यसनाची झळ संपूर्ण संघाला लागू नये, हे पाहणे हेही कर्तव्यच आहे. उलट, व्हिलाने दिलेल्या सवलतीतून संघालाही लाभ होत होता. आजारी घोड्याची निगा राखणाऱ्याच्या मनात घोड्यावरचे प्रेम किती आणि शर्यतीची चिंता किती, हे कोण सांगणार? त्या माणसांच्या अंतःकरणाचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र ही कसोटी आपण स्वतःला लावू शकतो. ज्याचा उपयोग सरला त्याच्याविषयी आपला जिव्हाळा टिकतो का?

1992 साली प्रकाशित झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथात एक सूक्ष्म विवेक सांगितला आहे. सवय, भीती, दडपण, तसेच मानसिक व सामाजिक कारणे यांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. चार आठवड्यांचा असताना आईपासून दुरावलेल्या मुलाच्या पेल्याकडे पाहताना हा विवेक आपण विसरता कामा नये. पण दोष कमी झाला म्हणून कर्तव्य संपत नाही. व्यसनी माणसाच्या घरी पत्नी असते, मुले असतात. त्यांचे अश्रू काही कमी खारट होत नाहीत. म्हणून 'तो बिचारा आजारी आहे' एवढेच म्हणून थांबणे ही अर्धी करुणा होय. उरलेली अर्धी करुणा त्याला सत्य सांगते आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसून राहते.

याच डब्लिन शहरात एक शतक आधी मॅट टॅलबट नावाचा मजूर होऊन गेला. वयाच्या बाराव्या वर्षापासून तो पीत असे. मजुरी हाती पडली की तो मित्रांनाही सढळ हाताने पाजत असे. 1884 साली एके दिवशी खिसा रिकामा असताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. कोणीतरी आत बोलावील, अशी त्याला आशा होती. मित्र एकामागून एक पुढे निघून गेले. तो तसाच घरी परतला, आपण दारू सोडणार असे आईला म्हणाला आणि त्याने धर्मगुरूंपुढे शपथ घेतली: प्रथम तीन महिन्यांची, नंतर सहा महिन्यांची आणि शेवटी जन्मभराची. पुढची 41 वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नाही. 7 जून 1925 रोजी मिस्साला जात असताना रस्त्यातच तो कोसळला आणि मरण पावला. त्याच्यासाठी कधी कोणी टाळी वाजविली नव्हती. 1975 साली ख्रिस्तसभेने त्याला 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

एकाला देव म्हणणारे हजारो होते, दुसऱ्याला माणूस म्हणून हाक मारणाराही त्या संध्याकाळी कोणी नव्हता. तरीही दोघांची अडचण एकच होती. टाळ्यांचा कडकडाट असो वा मित्रांची पाठ, एकट्या माणसाची रात्र त्याला एकट्यालाच काढावी लागते. व्हिलाच्या चाहत्यांचे प्रेम खोटे नव्हते. ते पुढेही टिकून राहिले. पण प्रेक्षागारातून केलेले प्रेम घराच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही असा कोणी असतो. त्याचा गळा गोड असतो म्हणून सणाला आपण त्याला गायला बोलावतो; त्याचा हात कुशल असतो म्हणून नाताळचा गोठा त्याच्याकडूनच सजवून घेतो. लग्नघरी त्याचा पेला आपणच भरतो, आग्रह करकरून भरतो आणि दुसऱ्या दिवशी तो रस्त्याने झोकांड्या देत चालला की, आपणच मुलांना आत बोलावून दार लावतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाने मुलगा दुरून येताना पाहिला आणि तो धावत गेला. त्या मुलाजवळ तेव्हा देण्यासारखे काहीच उरले नव्हते, मालमत्ता नव्हती की नावलौकिक नव्हता. त्या बापाने हिशेब मागितला नाही. पण मुलाने 'मी चुकलो' म्हटले तेव्हा ते ऐकून मात्र घेतले.

पुढच्या वेळी कोणाच्या गुणांना टाळी देताना आपण स्वतःला एवढेच विचारावे: उद्या याचे गुडघे मोडले, आवाज गेला, हात थरथरू लागले, तर मी याच्या घरी जाईन का? आणि गेलो, तर हातात बाटली घेऊन जाईन की रिकाम्या हातांनी, नुसता बसायला?