धर्मगुरू घसरतो तेव्हा

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच श्रद्धावंतालाही जुना आहे. कळपाऐवजी स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना यहेज्केल संदेष्ट्याने खडसावले, त्याला अडीच हजार वर्षे उलटून गेली. तरीही एखाद्या धर्मगुरूच्या अधःपतनाची वार्ता येते, तेव्हा ती दर वेळी नवाच घाव करते. कारण पडतो तो एक माणूस. परंतु हादरतात ती सारी घरे, जिथल्या बालकांना त्याने स्नानसंस्कार दिला आणि जिथल्या वृद्धांना अखेरच्या घटकेला धीर दिला.

अशा वार्ता दूर देशीच्याच असतात, असे मानण्याची सोय आता उरलेली नाही. २०१५ साली मुंबईत तेरा वर्षांच्या एका मुलावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका कॅथलिक धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. ही व्यथा एकट्या कॅथलिकांचीही नाही. मद्रास येथे जन्मलेले रवी झकरायस हे प्रॉटेस्टंट प्रवचनकार ख्रिस्ती श्रद्धेचे जगप्रसिद्ध कैवारी होते. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने त्यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे उघड केले. त्यांच्या व्याख्यानांनी ज्यांची डळमळती श्रद्धा सावरली होती, त्यांनी आता काय करावे? ती सावरलेली श्रद्धाही खोटी समजावी काय?

ख्रिस्तसभेला हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता. इसवी सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी जिवाच्या भीतीने पवित्र ग्रंथ सरकारच्या स्वाधीन केले. छळ ओसरल्यावर दोनातुसच्या अनुयायांनी पवित्रा घेतला, की अशा भ्रष्ट हातांनी दिलेले संस्कार संस्कारच नव्हेत. ते पुन्हा घेतले पाहिजेत. ३१४ साली आर्ल येथील धर्मसभेने हे मत अमान्य केले. पुढे हिप्पोचे महागुरू संत ऑगस्टिन यांनी या निर्णयामागील विचार स्पष्ट करून मांडला. संस्कार देणारा खरा दाता ख्रिस्त आहे; धर्मगुरू केवळ वाट आहे. वाट चिखलाने भरली, तरी तिच्यावरून चालत आलेल्या दात्याचे दान अशुद्ध होत नाही.

मुंबई-नाशिक महामार्गावर वडपे येथे राहणाऱ्यांना हा विचार समजण्यास ग्रंथांची गरज पडू नये. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे मालाने भरलेले ट्रक येथून अहोरात्र ये-जा करतात. पेटीत औषध असेल आणि चालक मद्यपी निघाला, तरी मोहोर शाबूत असलेल्या त्या पेटीतले औषध विष होत नाही. माल धन्याचा असतो, चालकाचा नव्हे. म्हणून पतित धर्मगुरूच्या हातून ज्यांचा विवाह लागला, ज्यांनी पापांची क्षमा स्वीकारली, त्यांनी निःशंक असावे. त्यांना जे मिळाले, ते धन्याने दिले.

परंतु दृष्टान्त इथेच सोडून देणे हे अर्धसत्य सांगण्यासारखे आहे. माल सुखरूप पोहोचला, म्हणून शहाणा धनी त्याच चालकाच्या हाती पुन्हा किल्ली देत नाही. आणि वाटेत त्या चालकाने कोणा पादचाऱ्याला चिरडले असेल, तर मालाची पावती घेऊन समाधानाने घरी परतणाऱ्या धन्याला माणूस तरी कसे म्हणावे? संस्कार वैध आहेत, हा सिद्धांत जखमी झालेल्याच्या अंगावर पांघरूण म्हणून घालता येत नाही. संत ऑगस्टिन यांच्या विचाराचा आधार घेऊन 'आपली श्रद्धा ख्रिस्तावर आहे, माणसावर नव्हे' असे म्हणत जेव्हा आपण पुढे सरकतो, तेव्हा एक गोष्ट विसरतो: ज्या लहानग्यावर आघात झाला, त्याच्याशी ख्रिस्ताने स्वतःला एकरूप केले आहे. त्याला ओलांडून जाणारी श्रद्धा ख्रिस्तालाच ओलांडून जाते.

आपल्या समाजात 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण फार प्रिय आहे. धर्मग्रामाची बदनामी होईल, विरोधकांना आयते कोलीत मिळेल, मुलीचे लग्न जमणार नाही, अशा नाना कारणांनी मूठ झाकली जाते. यातील प्रत्येक भय खरे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मुठीत एखाद्या बालकाचा श्वास कोंडलेला असेल, तर तिची किंमत सव्वा लाख नव्हे, शून्य आहे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकाविरुद्धच्या अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ती दडवणे हाही गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ च्या आपल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थ यांच्यावर वरिष्ठांना कळवण्याची जबाबदारी टाकली, चौकशी दडपणाऱ्या महागुरूंनाही तिच्या कक्षेत आणले, आणि २०२३ साली हे नियम कायम केले. रीतसर चौकशी म्हणजे धर्मगुरूंशी वैर नव्हे. खोटा आरोप झालेल्या निष्पाप धर्मगुरूलाही तीच एक ढाल आहे. कुजबुजीतून तो कधीच निर्दोष सुटत नाही.

येथे आणखी एक विचार मनात येतो. धर्मगुरू एका दिवसात पडत नाही. त्याची प्रार्थना सुकत जाते, मित्र दूर होतात, त्याला 'नाही' म्हणणारे कोणी उरत नाही. हिशेब विचारणे हा उद्धटपणा आणि मतभेद दाखवणे हे पाप, असे वातावरण ज्या धर्मग्रामात असते, तेथे भक्तीच्या नावाखाली एका माणसाला एकांताच्या कड्यावर उभे केले जाते. २० ऑगस्ट २०१८ रोजी देवाच्या प्रजेला लिहिलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी पुरोहितशाहीच्या याच वृत्तीवर बोट ठेवले होते. अर्थात, या वातावरणामुळे अपराध्याचा अपराध कणभरही हलका होत नाही. आणि असल्या एकांतातही शेकडो धर्मगुरू निष्ठेने आपले व्रत पाळतात. त्यांना देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा जेवायला घरी बोलावणे, त्यांच्या चुका प्रेमाने तोंडावर सांगणे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणे, हा आदराचा अधिक खरा प्रकार आहे असे आम्हांला वाटते.

मग पाय रोवून उभे राहायचे ते कशावर? प्रेषितांपैकी एकाने प्रभूला चांदीच्या तीस नाण्यांना विकले, दुसऱ्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारले. शुभवर्तमानकारांनी यातले काहीच झाकले नाही. ज्या ख्रिस्तसभेने आपल्या पहिल्याच नेत्याचे पतन आपल्या पवित्र ग्रंथात लिहून ठेवले, तिला सत्याचे भय वाटण्याचे कारण नाही. पेत्र रडला, आणि त्याच्यावर पुन्हा कळप सोपवण्यापूर्वी प्रभूने त्याला तीनदा प्रश्न विचारला. क्षमा आणि झाडाझडती प्रभूच्या व्यवहारात एकत्र नांदतात. मात्र पेत्राला क्षमा मिळाली, म्हणून प्रत्येक पतिताला पूर्वीचे आसन परत मिळालेच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. पश्चात्ताप स्वर्गाचे दार उघडतो. लहान मुलांच्या वर्गाचे दार त्याने उघडलेच पाहिजे असे नाही.

घरात रोज संध्याकाळी होणारी जपमाळ, आईवडिलांनी मुलांसह वाचलेले शुभवर्तमान, शेजारच्या आजाऱ्याची घेतलेली खबर, या गोष्टी कोणा एका धर्मगुरूच्या चारित्र्यावर टांगलेल्या नसतात. ज्या कुटुंबाची श्रद्धा केवळ रविवारच्या प्रवचनावर जगते, ते प्रवचनकार पडला की पडते. ज्या कुटुंबाने स्वतः प्रभूशी बोलण्याची सवय जोपासली, ते रडते, संतापते, परंतु उभे राहते. आणि उभे राहिल्यामुळेच जो कोसळला आहे, त्या पीडिताला हात देऊ शकते. श्रद्धा स्थिर आहे की नाही, याची कसोटी आपण किती शांत राहिलो ही नव्हे. घाव झालेले लेकरू बोलण्याचे धैर्य करते, तेव्हा आपण त्याच्या बाजूला जाऊन बसतो की नाही, हीच ती कसोटी होय.