मिठाचे मोल

दादरच्या बाजारात मिठाची पिशवी घेताना कोणी घासाघीस करीत नाही. एवढ्या स्वस्त वस्तूसाठी ती करणे शोभतही नाही. परंतु ही स्वस्ताई अखेर कोणाच्या खाती मांडली जाते, हा नीतीचा प्रश्न आहे.

भारतातील तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत पिकते आणि त्यातील बराच भाग कच्छच्या छोट्या रणातून येतो. सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश पावसाळ्यात पाण्याखाली असतो. पाणी ओसरले की ऑक्टोबरच्या सुमारास अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह तेथे उतरतात, विहिरी खणतात आणि भूगर्भातील खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडतात. वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, मीठ धरू लागले की ते लाकडी दाताळ्याने हलवीत राहायचे, असे उन्हाळ्यापर्यंत चालते. अगरियाचे पाय चितेवरही जळत नाहीत, असे तिकडे म्हणतात.

रणातील पाणी कोणी निर्माण केलेले नाही, ऊन कोणाच्या मालकीचे नाही. तेव्हा पंपाचा खर्च वगळला तर आगरात तयार झालेल्या मिठाचे मोल म्हणजे मुख्यतः माणसाचे श्रमच. मग सर्वांत थोडा वाटा श्रमालाच का मिळावा? उत्तर उचलीत आहे. हंगामाच्या आरंभी डिझेल व धान्यासाठी अगरिया व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि भावही तेव्हाच ठरतो. पिकण्यापूर्वीच मीठ विकले गेलेले असते.

करार उभयतांच्या संमतीने झाला, असे यावर म्हटले जाईल. अवकाळी पावसाने वाफे बुडाले तर उचल देणाऱ्याचेही नुकसान होते, हेही खरे. परंतु पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात या युक्तिवादाला उत्तर दिले आहे. गरजेने गांजलेल्या माणसाने दिलेला होकार व्यवहाराला न्याय्य ठरवीत नाही. श्रमिकाचा चरितार्थ चालावा, ही अट कराराच्याही आधीची आहे. अगरिया मजूर नसून विक्रेता म्हणवतो, म्हणून ही अट सुटत नाही. अलीकडे सौरपंपांमुळे डिझेलचा खर्च घटला, तशी अनेकांची उचलही हलकी झाली. त्यांचे दारिद्र्य केवळ वाळवंटाने लादलेले नव्हते, हे यावरून दिसते.

मुंबईला हा प्रश्न परका नाही. अगरिया आणि आपल्याकडील आगरी या दोन्ही नावांत एकच ‘आगर’ आहे. १९३० च्या मे-जूनमध्ये या शहरातील सत्याग्रही वडाळ्याच्या मिठागरावर चालून गेले. मिठावर परक्या सत्तेचा हक्क नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले; पिकविणाऱ्याचा हक्क किती, हे ठरायचे राहून गेले. १९८२ चा गिरणी संप सोसलेल्या लालबाग-परळला तो प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

पिशवीमागे आपण रुपया अधिक मोजला, तरी तो रणापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून रास्त भाव, उचलीला पर्याय ठरणारे सहकारी कर्ज आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या आगरावर अगरियांचा कायदेशीर हक्क, या मागण्यांच्या पाठीशी उभे राहणे हेच आपले देणे आहे. प्रभूने शिष्यांना मिठाची उपमा दिली. त्या मिठाची चव जाणणाऱ्याने ते पिकविणाऱ्याचे ऋणही जाणले पाहिजे.