दासोह आणि दहा रुपये



निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या एका भगिनीने आम्हांस जो धडा दिला, तो आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

भक्तमंडळींनी चालविलेल्या एका लहानशा दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस सेवा देतात, तरुण स्वयंसेवक केसपेपर लिहितात. केसपेपरचे दहा रुपये घेतात. एकदा आम्ही तेथे बसलो असता खोकल्याने बेजार झालेली ही भगिनी आली. पदराची गाठ सोडून तिने नोट पुढे केली. आम्ही स्वयंसेवकास म्हणालो, "अरे, हिच्याकडून कसले पैसे घेतोस? राहू दे." भोवतालच्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. आमच्याही मनास बरे वाटले.

ती भगिनी पुन्हा आली नाही. पंधरा दिवसांनी एक स्वयंसेविका तिच्या घरी गेली, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा मोठं हाईत, पर चारचौघांत मला भिकारीण केली. आमी राबून खातोय."

आमच्याकडून दया झाली होती. मग चूक कोठे झाली?

उत्तर कल्याणनगरीत सापडते. आयदक्की मारय्या हे शरण अंगणात सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. पत्नी लक्कम्मा यांनी ते स्वीकारले नाहीत. अधिकाचे तांदूळ परत करावयास लावले. घरात दारिद्र्य होते, पण मनात नव्हते. आमच्यासमोर नोट घेऊन उभी राहिलेली भगिनी लक्कम्मांच्याच वंशाची होती आणि आम्हीच तिला ओळखले नाही.

दान आणि दासोह यांतील भेद येथेच आहे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली उभा असतो. दासोहात देणारा स्वतःस दास मानतो. जे द्यावयाचे ते मुळात आपले नव्हेच, ही त्याची भावना असते. हात तोच, वस्तू तीच. पण देणाऱ्याच्या मनात 'मी' शिरला की दासोहाचे दान होते. आमच्या त्या एका वाक्यात औषधापेक्षा 'मी'च मोठा झाला होता.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी हाही एक पाद आहे, हे आपण विसरतो. तो उपकार घेण्यास आलेला याचक नव्हे. त्याच्यावाचून चिकित्साच उभी राहत नाही. आजचा स्वयंसेवक हा त्यातील परिचारक. त्याच्या अंगी सेवेचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण हवेत, असे चरक म्हणतात. केवळ अनुराग पुरत नाही. क्षयरोगाचे औषध साधारणतः सहा महिने नियमाने घ्यावे लागते. मध्येच सोडल्यास जंतू औषधास दाद देईनासे होतात. म्हणून रोगी का आला नाही हे पाहावयास घरी जाणारी ती स्वयंसेविका आमच्यापेक्षा श्रेष्ठ सेवक ठरली.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने जामखेड येथे कार्य आरंभिले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. शेजारणीचे दुःख शेजारणीला कळते, तिच्यापुढे संकोच वाटत नाही. १९७९ साली त्या दाम्पत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या कार्याचे खरे वैभव हे की, ज्यांना समाजाने केवळ घेणारे मानले होते, तेच तेथे देणारे झाले.

कोणी विचारील, ज्याच्यापाशी दहा रुपयेही नाहीत त्याने परत जावे काय? कदापि नाही. परंतु त्याची अडचण चारचौघांत उघडी पडू नये. आता त्या दवाखान्यात कोपऱ्यात एक पेटी ठेवली आहे. ज्याने त्याने शक्तीप्रमाणे टाकावे. कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही. वेळही बदलली. दिवसा दवाखान्यात बसणाऱ्याची रोजंदारी बुडते. मग दहा रुपयांचे औषध त्यास एका दिवसाच्या मजुरीस पडते. म्हणून आता वखारी सुटल्यावर दिवा लागतो.

स्वयंसेवकांस आमचे एवढेच सांगणे आहे. विनामूल्य केलेले काम हेही कायकच. 'पगार थोडाच घेतो' म्हणून आज यावे, उद्या न यावे, असे चालत नाही. ठरल्या वेळी या, हात धुवा, नाव आदराने विचारा. कागद ज्या भाषेत असेल तो रोग्याच्या भाषेत समजावून सांगा.

ती भगिनी पुढे आली. तिने पेटीत दहा रुपये टाकले आणि ताठ मानेने बाकावर बसली. आम्ही तिला हात जोडले.

शरणु शरणार्थी.